सगळे बाहेर आले तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची मोठी डॉक्टर मंडळी, जिच्यासाठी आपण जमलो ती आपली सत्कारमूर्ती, म्हणजे किरणोपचार विभागातून आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मॅडम, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी इथला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. माइकपेक्षा सायरनची सवय जास्त, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या. मॅडमच्या विद्वत्तेवर आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी फक्त माझ्या उजव्या मांडीवर बोलणार आहे. हसा, हसा. मॅडमही हसताहेत.

मांडीत गाठ आली तेव्हा गाडीचं दार लागलं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. तपासणीत निघाला सार्कोमा, मांसातला कॅन्सर. ब्रेकचा पाय तो! पाय गेला तर ड्रायव्हर उरतो कुठे? मी सर्जनसाहेबांना म्हटलं, आजच कापा. तर मॅडम मध्ये पडल्या. आधी काही आठवडे किरणं, मग ऑपरेशन. माझं डोकंच फिरलं. घरात साप शिरलाय आणि तुम्ही थांबा कसलं म्हणताय, असं मी तोंडावर बोललो. त्यांनी शांतपणे समजावलं, की गाठ नसेला खेटून आहे, आधी किरणं दिली तर पाय राखून ती काढता येईल. मात्र नंतर जखम भरताना छळेल. तिनं छळलंही. पण ते त्यांनी लपवलं नव्हतं, म्हणून माझा विश्वास बसला.

ऑपरेशनमध्ये गाठ निघाली. नसेलगतच्या जागेवर मात्र उघड्या जखमेतच पुन्हा किरणं द्यायची होती. त्या वेळी पेशंटखेरीज आत कुणी थांबत नाही, हे तुम्हा आम्हाला माहीत. बाकावर बसलेल्या माझ्या बायकोला कोण सांगणार? दार उघडलं आणि सर्जन, सिस्टर, भूल देणाऱ्या डॉक्टर, सगळे एकदम बाहेर आले. तिला वाटलं, संपलं. ती उठून दाराकडेच धावली.

मॅडमनी तिला धरून दाराबाहेरच्या मॉनिटरपाशी नेलं, त्यावर माझे ठोके दाखवले. म्हणाल्या, "आत ते एकटे आहेत, पण आमची सगळ्यांची नजर त्यांच्यावरच आहे." तेव्हापासून आत किरणं सुरू होण्याआधी कुणीतरी नातेवाइकांना सांगून येतं. ही पद्धत मॅडमनी पाडली.

आता, निरोपाला गोड बोलावं, पण मला जमत नाहीये. मागच्या तपासणीत माझ्या फुप्फुसावर एक ठिपका दिसलाय. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोटो. तो वाढलाय का, हे सांगायला मॅडम नसतील. नवे डॉक्टर हुशार आहेत, तक्रार नाही. पण मला भीती वाटते. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या बायकोलाही वाटते; हे तिथे बोलू नका, असं ती सकाळपासून बजावत होती.

मॅडम, आज तुम्ही बाहेर निघालात. जमलं तर नजर असू द्या.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि मंडळी, एक विनंती. कार्यक्रम संपला की सगळे एकदम उठून बाहेर जाऊ नका. तिला अजून ते सोसत नाही.