दोन साडू आणि एक मसाला

मंडळी, दुधात माशी पडली तर दिसते. काढून टाकता येते. पण मनात संशय पडला, तर तो कुणाला दिसतो? आणि काढायचा कुणी?

हसू नका! देवळात आलात, हात जोडलेत, पण अर्धं लक्ष दाराकडं — आपल्या चपला जागेवर आहेत का! आणि त्या खांबाजवळच्या बाई तर चपला पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसल्यात. बसा बाई, बसा. आजचं आख्यान तुमच्यासाठीच आहे.

तर ऐका! एक तालुक्याचं गाव. एसटी स्टँडसमोर मिसळीची दोन हॉटेलं, अगदी समोरासमोर. एक रंगराव खुस्प्यांचं, दुसरं आत्माराम बाबरांचं. आणि हे दोघे कोण? सख्खे साडू! थोरली बहीण हौसा रंगरावाच्या घरी, धाकटी सुभद्रा आत्मारामाच्या घरी. दोन्हीकडं गर्दी, दोन्हीकडं बरकत. आता भांडायचं कारण आहे का काही?

नाही ना? म्हणून तर भांडले!

झालं काय, एक गिऱ्हाईक रस्सा भुरकत रंगरावाला म्हणालं, “वा मालक! अगदी समोरच्यासारखी चव!” बिचारा कौतुक करायला गेला. रंगरावाच्या मनात माशी पडली! माझ्या आज्याचा मसाला — याच्या हॉटेलात कसा?

बरं, हेच गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडंही गेलं. तिकडंही तेच बोललं. अशी माणसं असतात, मंडळी — इथंही चारदोन बसलीत.

आता सुरू झाली पाळत! आत्मारामानं आपला एक अनोळखी माणूस रंगरावाच्या हॉटेलात खायला पाठवला. रंगरावानं तो लगेच ओळखला. कसा? तो म्हणाला, “जो मिसळ खातो आणि जादा रस्सा मागत नाही, तो गिऱ्हाईक नव्हे, हेर!” दुसऱ्या दिवशी रंगरावाच्या उंबऱ्यावर लिंबू सापडलं. “करणी केली माझ्यावर!” अहो रंगराव, मिसळीच्या हॉटेलात लिंबू सापडायचं नाही तर काय सोनाराच्या दुकानात सापडायचं?

पण संशयाला शहाणपण सांगायचं कुणी? चैत्र आला. दरवर्षी दोघी बहिणी माहेरी जायच्या, वर्षाचा मसाला घेऊन परतायच्या. यंदा रंगरावानं दारात आडवा हात धरला, “जायचं नाही! तुझी बहीण तुझ्याकडून गुपित काढून घेईल.” समोर आत्मारामही तेच! दोघी आपापल्या घरी एकेकट्या बसल्या आणि मसाला केला.

आणि चव गेली!

दोन्ही हॉटेलांची! गिऱ्हाईक तोंड वाकडं करून उठायला लागलं. रंगराव म्हणाला, यानं माझ्या मसाल्यात काही कालवलं. आत्माराम म्हणाला, त्यानं माझ्यात! आणि दोघांनीही एकमेकांवर दावा ठोकला. मागणी काय? समोरच्याची चूल कायमची बंद!

न्यायाधीशांनी विचारलं, “रंगराव, यांनी मसाल्यात काय कालवलं?”

“ते सांगता यायचं नाही साहेब.”

“का?”

“ते सांगायचं तर आधी माझ्या मसाल्यात काय असतं ते सांगावं लागेल. आणि हा तिथं कान टवकारून बसलाय!”

“बरं, माझ्या कानात सांगा.”

रंगराव पुढं झाला, थबकला. हळूच विचारतो, “साहेब, तुमच्या घरचं कुणी हॉटेलात नाही ना?”

पखवाजवाले, तुम्ही हसताय! तुम्ही माझा तांब्यासुद्धा हुंगून बघता, मला ठाऊक आहे.

शेवटी साहेबांनी दोन्ही मिसळी कोर्टात मागवल्या. रंगरावाची चाखली — खमंग, पण नुसता जाळ! डोळ्यांतून पाणी. आत्मारामाची चाखली — बेतशीर, पण कच्चट वास. साहेब म्हणाले, “मसाला करतं कोण?”

दोघेही एकदम ओरडले, “माझ्या आज्याचा मसाला!”

“आजोबा येऊन करतात का?”

मान खाली. “नाही साहेब. बायको करते.”

बायका मागं होत्या. नवऱ्यांनी बजावून दोन टोकांच्या बाकांवर बसवलेल्या. हौसाबाई पुढं आल्या. साहेबांनी विचारलं, “यंदा वेगळं काय केलं?”

“यंदा भाजलं मी आणि कांडलंही मीच.”

“आणि दरवर्षी?”

हौसाबाईंनी दुसऱ्या बाकाकडं पाहिलं. “दरवर्षी भाजते मी, माप घालून कांडते सुभी. आईनं मला भाजणं शिकवलं, तिला माप. मला माप येत नाही साहेब. तिला भाजता येत नाही.”

ऐका मंडळी! आज्याचा कसला, तो सासूचा मसाला होता! एका उखळातला, दोन घरी वाटलेला. चव सारखी असणारच! घरात विचारलं असतं तर कळलं असतं. पण बायकोला विचारतो कोण?

सुभद्रा जागेवरूनच रडत बोलली, “आक्का, तू आईला विचारलं होतंस, आठवतं? दोघींना सगळं का शिकवलं नाहीस म्हणून?”

“आठवतं की. म्हणाली, सगळं शिकवलं तर कशाला याल?”

साहेबांनी डोळे पुसले — मिसळ तिखट होती म्हणतात! मग म्हणाले, “समझोता करत असाल तर पुढची तारीख सासूबाईंच्या अंगणात. दोघांनी मिरच्या घेऊन हजर व्हायचं.”

गेले! म्हातारी चैत्रापासून उखळ धुऊन वाट बघत होती. कुणाला बोल लावला नाही तिनं. उखळावरचं पोतं बाजूला सारलं आणि म्हणाली, “बसा गं.” थोरली भाजायला बसली, धाकटी कांडायला. दोघे साडू शिंकत उभे! आणि रंगराव? अजून तिरक्या डोळ्यानं बघतोय — यानं मिरच्या कमी तर नाही ना आणल्या! जित्याची खोड, मंडळी.

तुम्ही त्याला हसताय. पण तुमचं कुणाशी बोलणं बंद आहे? भावाशी? बहिणीशी? तुमच्या घरातली चव गेलीय, आणि तुम्ही समोरच्यानं काय कालवलं ते शोधताय! अरे, भाजणं तुझ्याकडं आणि माप त्याच्याकडं ठेवून गेलीय तुझी आई. तिनं ते मुद्दाम केलंय. जा त्याच्या दारात!

आता नाम घेऊ. पण जरा थांबा. खांबाजवळच्या बाई — टाळी वाजवायची आहे, दोन्ही हात लागतील. चपला बाहेर ठेवून या. आम्ही सगळे थांबतो.