हात बरा होईपर्यंत

अध्यक्षस्थानी विराजमान झालेले फादर एडवर्ड, मंचावरचे डॉक्टर विद्याधर, आजचे सत्कारमूर्ती इसिडोरभाऊ, कॉन्सेप्टावहिनी आणि वर्सोवा-मढच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी मढच्या शाळेतला मास्तर. बासष्ट सालापासून इसिडोरभाऊंच्या तरीतून खाडी ओलांडतोय. मला उशीर झाला की भाऊ वल्हं हातात घेऊन विचारायचे, "काय मास्तर, आज पोरांनी सुट्टी दिली काय?"

मागच्या वर्षी भरतीत होडी ओढताना त्यांच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले, "साठीला आलात. या वयात मांस भरून यायला वेळ लागतो. मासे, अंडी, डाळ भरपूर खा आणि दुखणं उतरलं की हात हळूहळू हलवायला लागा." यात अवघड ते काय? वर्सोव्याच्या घरात मासळीला तोटा असतो का?

पण खांदा भरेना, उलट दंड सुकत चालला. एकदा मी पापलेट घेऊन गेलो, तर वहिनींनी दारातच अडवलं. "मास्तर, मासली नको देऊ. त्यानं चर्चातल्या माऊलीला नवस केलाय. हात बरा होईपर्यंत मासली नाय, अंडा नाय." आणि डाळीशी तर भाऊंचं कधी जमलंच नाही. म्हणजे उरलं काय, पेज आणि लोणचं! मी कपाळावर हात मारून घेतला.

म्हटलं, "भाऊ, ज्यानं हात भरायचा, तेच सोडलंत की हो!"

ते शांतपणे म्हणाले, "आवडीचं सोडलं नाय तर तो नवस कसला, मास्तर?"

फादरना कळल्यावर त्यांनी नवसातून मोकळं करायची तयारी दाखवली. तरी भाऊ ऐकेनात. आता डॉक्टर सांगतात, हा हात पुन्हा वल्हं ओढणार नाही. वाईट वाटतं हो, फार वाईट वाटतं.

सभेला आलात, ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. घरातलं चारचौघांत बोललो, ते पोटात घाला. पण भाऊ, एक मागणं आहे. हात बरा होणार नाही, म्हणजे हा नवस कधी फिटणारच नाही. आणि वहिनी दिवसभर बाजारात मासळी विकून घरी तुमच्यासोबत पेजच पितात. त्यांचेही दंड बघा जरा. आज पंगतीत फादरांसमोर मासळीचा पहिला घास त्यांना तुम्ही भरवा. डाव्या हातानं भरवलात तरी चालेल.