नऊ वाफांची मुळं

कोरियातल्या जेचॉनच्या वनौषधी बाजाराला निघालेली बस. माझ्या पुढच्या बाकावर दोराजी या औषधी रोपाच्या मुळांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी, आणि शेजारी आनंदानं नुसती उड्या मारणारी तिची नात.

"आजी, सापडलं! तुझ्या दोराजीच्या मुळांत सूज उतरवणारं द्रव्य सापडलं!"

"हळू गं, सोल-आ. सगळी बस ऐकतेय."

"ऐकू दे! कच्च्या मुळांत नाही, एकदा वाफवलेल्यांतही नाही. तू नऊ वेळा वाफवून, नऊ वेळा वाळवून पाठवलीस ना, फक्त त्यांत!"

"नऊ वेळा होय..."

"नऊ वाफांशिवाय ते तयारच होत नाही, असं ठासून लिहिलंय मी प्रबंधात. उद्या द्यायचाय."

"अगं, नऊ म्हणजे... म्हणायला नऊ."

"म्हणायला?"

"सातच. सासूबाईंनीच शिकवलं. वाफा द्यायच्या सात, गिऱ्हाइकाला सांगायच्या नऊ."

"आजी! माझा प्रबंध!"

"मग सात लिही की! दोन वाफांचं सरपण वाचलं."

"हसू नकोस! मलाही हसू येतंय!"

माझ्या मागून दुसरी एक पिशवीवाली म्हातारी उठून पुढे वाकली.

"अगं ए ओक-बुन, तू अजून सात-सात वेळा वाफवत बसतेस?"