मुंग्या येतात का?

हाताने मणके मोकळे करणाऱ्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर एक फरशी बसवणारा गवंडी बायकोकडून फॉर्म भरून घेत होता.

“कंबर कधीपासून दुखते, विचारलंय.”

“दोन महिने लिही.”

“अहो, दोन वर्षं झाली.”

“दोन महिने लिही म्हटलं ना!”

“बरं. पायाला मुंग्या येतात का? पाय बधिर होतो का?”

“नाही लिही.”

“सकाळी भिंत धरून उभे राहता, ते काय?”

“हो लिहिलंस तर हा डॉक्टर मला हातसुद्धा लावणार नाही. मोठ्या दवाखान्यात धाडेल. तिथं महिनोन्‌महिने आडवा पडलो, तर उकिडवं बसून फरशी कोण बसवणार? तू?”

“आणि भलतीकडेच दाबलं गेलं तर?”

“आमच्या कामावरच्या त्या सुताराची कंबर यानं एकदाच कटकन वाजवली. दुसऱ्या दिवशी गडी कामावर!”

“त्याला मुंग्या येत नव्हत्या.”

“तू लिहितेस, की मी लिहू?”

“लिहिलं. नाही. झालं समाधान?”

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी बाहेरून आली.

“ही चप्पल कुणाची? जिन्यात पडली होती. डाव्या पायाची आहे.”

“आमची नाही, ताई.”

“अहो...”

“आमची नाही म्हटलं ना! माझ्या दोन्ही पायांत आहेत.”

“अहो, जरा खाली बघा.”

मागे पेनाचं टोपण पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

“आता ते ‘नाही’ खोडू का?”