निळी छपरं

आमी मूळचे टाकवे बुद्रुकचे. भाताची खाचरं, दोन बैलं आन आमी पाच भावंडं, मी सगळ्यात धाकटा, म्हंजे उरलंसुरलं खानारा. वडील म्हनायचे, बबन्या, तू जमिनीवर कवा ऱ्हानार हायेस? कारन मी सापडायचो ते गोठ्याच्या न्हाईतर शेजाऱ्याच्या छपरावर. गावात कुनाची शाकारनी निघाली की पयली हाक मला. पुढं लग्न झालं, खाचरांचे वाटे पडले, माझ्या वाट्याला काय आलं ते सांगन्यात मजा न्हाई, म्हनून हिला घेऊन लोनावळ्याला आलो आन बंगले झाकायच्या कामाला लागलो.

बंगले झाकायचे म्हंजे काय ते सांगतो. आमच्या हितला पाऊस सरळ पडत न्हाई भाऊ, आडवा येतो, तिरका येतो, मला वाटतं कदीमदी खालूनबी येतो. म्हनून मे संपायच्या आत छपरावर निळी ताडपत्री टाकायची, चारी अंगांनी दोरीनं आवळायची, ती दसरा-दिवाळीपतुर काढायची न्हाई. शेठ लोकांच्या बंगल्यातली जुनी ताडपत्री निघाली की ती मी वस्तीवर आनायचो. आमची वस्ती टेकाडावर, सगळी पत्र्याची घरं. सगळ्यांची छपरं मीच झाकली, फुकट. लय मान व्हता मला त्या एका गोष्टीचा. घरात न्हाई बरं का, ते हिलाच इचारा.

आता हिचं सांगतो. वस्तीला नळ हाये, पन खाली, रस्त्याला. तितनं वर एकशेबारा पायऱ्या. मी न्हाई मोजल्या, हिनं मोजल्यात, डोक्यावर हंडा आन कमरेला कळशी, रोज सकाळी चार खेपा. पावसाळ्यात तेवढं सुख, पन्हळीखाली पिंप लावलं की पानी दारात. पाऊस गेला की आठ महिने ह्याच पायऱ्या. हिचे गुडघे गेले. डागदर म्हन्ला, जिना टाळा. ही म्हन्ली, तुमी या एकदा आमच्या घरी आन मग सांगा टाळायचा कसा. मी आनलं असतं पानी, न्हाई असं न्हाई, पन माझं काम सातला आन नळाला पानी साडेसातला. घ्या!

तर काय झालं, शहराचा विजेचा आराखडा करायचं निघालं. कुटं वीज वाया जाती, कुटले दिवे बदलायचे, कुटं उन्हावर चालनारं सोलर बशिवायचं, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. त्याच्यासाटी एक इंजिनेर म्याडम घरोघर फिरली, लहानखुरी पोर, मला म्हन्ली, काका, तुमच्याकडे दिवे किती? म्हन्लं, दोन, आन त्यातला एक ही लावू देत न्हाई. म्हन्लं, वाया जानारी वीज बघायची तर बंगल्यात चला, शेठ येनार शनवारी आन गिझर चालू सोमवारपासून, आंघोळ कुनाची, तर पालीची! म्याडम लय हसली, पन वहीत लिहून घेतलं. जाताना म्हन्ली, काका, टेकाडावरच्या वस्त्यांना उन्हावर चालणारा पंप द्यायचाय, पाणी आपोआप वर चढेल. मी घरी येऊन हिला सांगितलं. त्या दिवशी आमटीत खोबरं व्हतं.

मग दिवाळीनंतर एका रविवारी सकाळीच शाळेच्या हॉलमदी सभा लागली. भिंतीवर ह्यो मोठा नकाशा, सगळं शहर वरनं टिपलेलं. जितं पंप द्यायचा तितं लाल ठिपका. मी शोधतोय, ह्यो रस्ता, ह्यो नळ, ही आमची वस्ती, आन वस्तीवर ठिपका हिरवा. म्हन्लं, साहेब, हिरवा म्हंजे काय? नकाशाचे साहेब बाहेरगावचे, ते म्हन्ले, हिरवा म्हणजे तिथे सोलर आधीच बसलेलं आहे, घरटी. घरटी! आमच्याकडं घरटी कोंबडी न्हाई. म्हन्लं, काय तरी चुकतंय. ते म्हन्ले, अहो, फोटोत स्पष्ट दिसतंय, प्रत्येक घरावर निळा चौकोन.

निळा चौकोन म्हन्ल्याबरुबर माझ्या ध्यानात आलं. नकाशाच्या फोटोसाटी ड्रोन उडवला व्हता दसऱ्याच्या आदी, उघडीप पडल्यावर, आन तवा ताडपत्र्या वरच असत्यात. मीच आवळलेल्या, कोपरा न् कोपरा तानलेला, एक सुरकुती न्हाई. बाहेरच्या मानसाला काय ठावं, आमी घरांना रेनकोट घालतो म्हनून? हिच्या पंपावर मीच पांघरून घातलं की वो!

उभा राह्यलो आन सांगितलं, साहेब, ते सोलर न्हाई, ती ताडपत्री हाये, आन टाकनारा मी. सगळा हॉल खो खो हसला. साहेबांना काय पटंना. म्याडम म्हन्ली, चला, बघूनच येऊ. एकशेबारा पायऱ्यांत साहेब तीनदा बसले. वर पोचले तवा ही हंडा उतरवत व्हती. साहेबांनी पानी मागितलं, हिनं तांब्या भरून दिला आन म्हन्ली, प्या पोटभर, पन सांडू नका, तिसऱ्या खेपेचं हाये. साहेबांनी थेंब सांडला न्हाई. मी छपरं दावली, वर नुसता पत्रा आन निळ्या ताडपत्र्या घडी घालून दारात.

मग ते म्हन्ले, बबनराव, आता बाकीच्या निळ्यातलं खरं कोणतं आणि तुमचं कोणतं, कोण सांगणार? म्हन्लं, मी, दुसरं कोन. दुसऱ्या दिवशी नकाशा टेबलावर पसरला आन मी बोट ठेवत गेलो, ही माझी, ही माझी, हे खरं सोलर, ही माझी. असं करत करत बोट खंडाळ्याच्या कड्याजवळ आलं. तितं माळ्यांची, ड्रायव्हरांची दहा-बारा घरं, त्यांच्यावरबी निळे चौकोन, त्याबी माझ्याच. त्यांचा नळ तर आमच्यापरीस लांब, चढबी मोठा. आन म्याडमनं आदीच सांगितलेलं, या वर्षी पंप एकच उरलाय, ज्यांचा चढ मोठा त्यांना तो आधी. काय सांगू तुमाला, बोट जागीच थांबलं. गप बसलो तर हिच्या खेपा सुटत्यात, बोललो तर पंप तिकडं जातो. कुनाला कळनार व्हतं? माझ्याशिवाय कुनालाच न्हाई. पन तितल्या बायांचे गुडघे काय लोखंडाचे हायेत व्हय? म्हन्लं, म्याडम, हीबी माझीच.

घरी आलो, हिला खरं ते सांगितलं. मला वाटलं आता लाटनं येतंय. हिनं इचारलं, तितं पायऱ्या किती? म्हन्लं, पायऱ्या न्हाईतच, नुसती पायवाट. म्हन्ली, मग बरं केलंत. आन तोंड फिरवून रडली. लय वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पुढचे दोन दिवस जे ताटात पडलं ते मुकाट खाल्लं.

पंप खंडाळ्याला गेला. ही अजून वरीसभर पायऱ्या चढली. आमचा पंप आला ह्या वरसाला, होळीच्या आदी. खाली नळाजवळ हौद बांधला, खांबावर सोलरच्या पाट्या बशिवल्या, आन म्याडमनं सगळ्यांदेखत मला बजावलं, काका, या पाट्या तेवढ्या झाकू नका हं. ऊन चढलं की पंप घुं करतो आन पानी वरच्या टाकीत. पावसाळ्यात ऊन न्हाई म्हनाल, तर तवा पानी मागतंय कोन, वरनंच पडतंय की.

टाकीला पानी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो, बघतो तर ही उंबऱ्यावर बसलेली, हातात चहाची बशी. तीस वरसं झाली लग्नाला, सकाळच्या पारी हिला बसलेली मी कदी बघितली नव्हती. मी घाबरलोच. म्हन्लं, का गं, बरं न्हाई का? म्हन्ली, बरं हाये, म्हनूनच बसलेय. असं बसनं समद्या बायांच्या नशिबी येवो, माझं एवढंच मागनं हाये बघा.