'राहा' आणि 'राहतो'

(परदेशातल्या वाणिज्य दूतावासाची आवरत आलेली खोली. शहरातली परिस्थिती बिघडल्याने सगळे मायदेशी निघालेत. तो कपाटांना कुलपं लावतोय. तिच्या कडेवर मुलगी.)

ती : सगळ्यांच्या बॅगा गाडीत गेल्या. ड्रायव्हरसुद्धा विचारत होता, दादांची कुठाय म्हणून.

तो : कालच बोललो ना आपण. इमारत अशी वाऱ्यावर सोडता येत नाही. कुणीतरी लागतं.

ती : कुणीतरी म्हणजे तूच.

तो : अगं, पद्धतच आहे ही. मागे दोन देशांचं फाटलं तेव्हाही असंच झालं. तेव्हा इथे अख्खी वकिलात होती. राजदूत, मेजवान्या, दारात बँड. एका दुपारी सगळे गेले आणि किल्ल्या माळ्याकडे राहिल्या.

ती : किती दिवस?

तो : तात्पुरतं म्हणाले होते.

ती : किती ते विचारलं मी.

तो : अकरा वर्षं. मग राजधानीच हलली, वकिलात तिकडे गेली. इथे उरलो आपण, पासपोर्ट नि दाखले देणारे.

ती : आणि माळ्याची बायको?

तो : तिचं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

ती : कशाला ठेवतील. झेंडा कधी चढला, कधी उतरला, तेवढं मात्र चोख.

तो : हिच्या टोपीची नाडी सुटलीये बघ.

ती : राहू दे नाडी. वरून काय आलं होतं नक्की? तुलाच का?

तो : वरून म्हणजे... साहेबांनी सगळ्यांना बसवलं. कोण थांबेल, विचारलं. सगळे माना खाली घालून बसले. मग मी आपलं, राहतो म्हणालो.

ती : राहतो?

तो : हं.

ती : मला तू सांगितलंस, 'राहा म्हणाले'.

तो : एकच की ते.

ती : एकच कसं? त्या माणसाला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या. त्याची बायको निरोप घ्यायला आली, तर तिच्याशी धड बोलले नाही मी.

तो : या कपाटात खाणीवरच्या मजुरांचे पासपोर्ट आहेत, नूतनीकरणाला दिलेले. इथे पोचायलाच दोन दिवस लागतात त्यांना. येतील तेव्हा गेटला कुलूप असलं, तर घरी जायचं कशाच्या जोरावर?

ती : कळतंय मला. कळतंय म्हणून धड भांडताही येईना. पण मला आधी विचारायचंस.

तो : तू नको म्हणाली असतीस.

ती : म्हणाले असते.

तो : मग मला राहता आलं नसतं.

ड्रायव्हर : ताई, चला आता. विमानतळाचा रस्ता बंद करतायत म्हणे.

तो : निघ तू. मी येतोच दोनेक महिन्यांत.

ती : मुदती सांगू नकोस मला. फ्रिजमध्ये भाजी आहे, आजच संपव. आणि खिडकीपाशी झोपू नकोस.

तो : बरं.

ती : अजून एक. हिला परकं माणूस कळायला लागलंय. शेजारच्या काकू महिन्याभराने परत आल्या, तर केवढी रडली, बघितलंस ना? तू येशील तेव्हाही रडेल. लगेच उचलायला धावू नकोस. जरा लांब बस. मी सांगेन तिला, कोण आलंय ते.