जिची सही, तिचं नाव

वर्षाराणी : व्यंकटकाका, ही हेन्रिएटा कोण? माझ्या पुस्तकात ही बाई नाही.

व्यंकटराव : अगं, तुझीच राणी आहे ती. बस आधी. शेवटच्या प्रुफात मी नावं तेवढी सोपी केली. बाकी तुझ्या एका शब्दाला हात लावला असेल तर सांग.

वर्षाराणी : नावं तेवढी? दोनशे दहा पानांत आंरिएतची हेन्रिएटा, तिच्या बापाचा, आंरीचा हेन्री! आणि मला एक फोनसुद्धा नाही?

व्यंकटराव : रविवारी तुझ्या मुखेडला प्रकाशन. मशीन तुझ्यासाठी मोकळं ठेवलंय, आत मशीनवर किशन छपाईच्या प्लेटांची वाट बघत बसलाय. फोन करून तुझ्याशी भांडत बसलो असतो तर पुस्तक पुढच्या दिवाळीला आलं असतं.

चतुराबाई : काय झालं गं वर्षे? तुझं नाव छापलेलं बघावं म्हणून मुखेडहून लातूरला आले मी, अर्धी वाट एस्टीत उभी राहून. आन् तू इथं आल्या आल्या भांडून राहिलीस.

वर्षाराणी : माय, माझं नाव नीट आहे. ज्या बाईवर पुस्तक आहे, तिचं नाव बदललं यांनी.

चतुराबाई : ती फ्रान्सची राणी?

वर्षाराणी : फ्रान्सची राजकन्या. दिली इंग्लंडला. चारशे वर्षं झाली.

व्यंकटराव : सरपंचबाई, तुम्हीच न्याय करा. तुम्ही पाच वर्षं गाव चालवलंय. आपली माणसं शाळेत काय शिकली? हेन्री, चार्ल्स, मेरी. आता त्यांच्या हातात 'आंरिएत' दिलं तर ते म्हणतील, हे औषधाचं नाव आहे का गावाचं? ग्रंथालयांना यादी गेलीय, तीत हेन्रिएटा मारिया. पत्रिका वाटून झाल्यात, त्यांत हेन्रिएटा मारिया. मी या धंद्यात तीस वर्षं आहे हो, वाचक नावाला अडखळला की पुस्तक मिटतो.

वर्षाराणी : काका, वाचक अडखळेल, मान्य. मीपण अडखळले होते. नांदेडच्या होस्टेलवरून हैदराबादला फ्रेंच शिकायला गेले तेव्हा वर्गात माझ्या उच्चाराला हसायचे. पण म्हणूनच हे सोडणार नाही. हे पुस्तक मी फ्रेंचमधून केलंय. थेट. मध्ये इंग्रजी नाही. मुखेडच्या पोरीनं मध्ये कुणाला न घालता ती बाई मराठीत आणली. पहिल्याच पानावर हेन्रिएटा दिसली की लोक म्हणणार, इंग्रजीवरनं उचललंय.

व्यंकटराव : कोण म्हणतंय? मुखपृष्ठावर 'मूळ फ्रेंचमधून' असं मोठ्या अक्षरात टाकलंय मी. अभिमान मलाही आहे, बाई. लातूरच्या छापखान्यातून असं पुस्तक याआधी कधी निघालं नाही. तेवढ्यासाठी तर कागदसुद्धा चांगला घेतला. पण तुझंच बघ ना, नवऱ्याचं नाव चार्ल्स ठेवलंस. फ्रेंच पुस्तकात तो शार्ल असेल.

वर्षाराणी : आहेच. पण तो माणूस इंग्रज होता. त्याचं त्याला, तिचं तिला.

व्यंकटराव : आणि तिच्या सासरी तिला सगळे राणी मेरी म्हणायचे. हे तूच लिहिलंयस, चौथ्या प्रकरणात. म्हणजे तुझ्या राणीला तीन नावं. त्यातलं लोकांना झेपेल ते मी घेतलं. चुकलं काय?

चतुराबाई : थांबा हो साहेब. सासरी नाव बदललं तिचं?

वर्षाराणी : हाव माय. पंधराव्या वर्षी लगीन झालं. तिकडच्या लोकांना तिचं नाव जड जायचं. मग म्हणाले, मेरी.

चतुराबाई : तिथं बी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव लिवतात का काय?

वर्षाराणी : तांदूळ नाही गं. पण काम तेच.

चतुराबाई : म्हंजे सगळीकडं येकच. माझं म्हायेरचं नाव कस्तुरा हो, साहेब. थोरल्या जावंचं बी कस्तुराच. येका घरात दोन कस्तुरा कशा चालतील? मग ह्यांनी तांदळात लिवलं, चतुरा. मला वाचता कुठं येत व्हतं! बाजूच्या बाया म्हनल्या, आजपासून तू चतुरा. म्या म्हनलं, बरं.

व्यंकटराव : बघ! आणि आज अख्खा मुखेड तालुका चतुराबाई म्हणूनच ओळखतो की नाही? लोक म्हणतील ते नाव. हेच तर मी सांगतोय.

चतुराबाई : लोक म्हनले म्हनून न्हाई, साहेब. तुमी अर्धंच ऐकलं. सरपंच झाले तवा पहिलं वरीस खुर्चीवर मी आन् सही माझ्या दिराची. 'चतुराबाई करिता भागवत.' येक दिवस नागाबाई आली रहिवासी दाखल्याला. भागवत गावाला गेलेले. ती म्हनली, बाई, तुमी सरपंच न्हवं? मग द्या की. मला लई लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की गुरुजीसमोर पाटी घेऊन बसले. तीन म्हैने लागले. चतुराबाई शेषेराव जांबकर. पहिली सही नागाबाईच्या दाखल्यावर केली.

वर्षाराणी : मी चौथीत होते तेव्हा. वर्गातल्या पोरी येऊन सांगायच्या, तुझी माय आमच्या बाकावर बसलीय.

चतुराबाई : तवापासून दिराला म्हनलं, भावजी, आता 'करिता' बंद. आन् सहीखाली येक रेघ मारायला लागले. ग्रामसेवक म्हनला, रेघ लागत न्हाई. म्या म्हनलं, मला लागती. तिच्याखाली कुनी काय जोडायचं न्हाई.

व्यंकटराव : वा! हे मला माहीत नव्हतं.

चतुराबाई : ते ऱ्हाऊ द्या. ही राणी सही करायची का?

वर्षाराणी : करायची तर! पत्रं लिहायची ढिगानं. एकाचा फोटोच घातलाय आत. शहाण्णव पान, काका, द्या इकडं. हे बघ, माय.

चतुराबाई : मुंग्या चालल्यासारखं हाय की. सही कुठली?

वर्षाराणी : ही, खाली. 'आंरिएत मारी.' पुढं ते 'आर' म्हणजे राणी.

चतुराबाई : सासरी गेल्यावर लिवलेलं पत्र हाय?

वर्षाराणी : हाव. लग्नाला वीस वर्षं झाल्यावरचं. लोक मेरी म्हणायचे. ती सही मात्र अशीच करायची.

चतुराबाई : आन् फोटोखाली तुमी काय छापलंय, साहेब?

व्यंकटराव : छापलंय... हेन्रिएटा मारियाचे पत्र.

चतुराबाई : सही येक आन् त्याच्याखाली नाव दुसरंच. असा दाखला माझ्याम्होरं आला असता तर म्या परत धाडला असता.

व्यंकटराव : अहो पण वाचकाचं काय? यादीतलं नाव आणि पुस्तकावरचं नाव जुळायला नको?

चतुराबाई : त्याला 'उर्फ' असतंय की! दाखल्यावर दोन नावं असली तर म्होरं सहीचं लिवायचं, मग उर्फ, मग लोक म्हनतात ते. येकदा, पहिल्या पानावर. म्होरं सगळीकडं सहीचंच.

व्यंकटराव : 'राणी आंरिएत मारी, उर्फ हेन्रिएटा मारिया.' हं. वाईट नाही दिसत. पण पत्रिका, बाई, पत्रिका गेल्यात वाटून!

चतुराबाई : जाऊ द्या. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर बी कस्तुराच व्हतं. लगीन झालंच की.

वर्षाराणी : काका, हसताय म्हणजे मान्य ना?

व्यंकटराव : मान्य. तुम्ही मायलेकी मिळून आलात, माझं काय चालतंय! किशनला अजून चार तास बसावं लागेल, एवढंच. नावं तूच बघून दे, एकही सुटता कामा नये.

चतुराबाई : आता मला तुझं पान दाव, वर्षे. ज्याच्यापाई आले.

वर्षाराणी : हे बघ. अनुवाद, वर्षाराणी जांबकर. आणि पुढचं पान उघड. ते तुझ्यासाठी आहे. मुद्दाम सांगितलं नव्हतं.

चतुराबाई : थांब, मीच वाचते. मा-झ्या... मा-ये-ला... क-स्तु-रा... कस्तुराला. ही कोन?

वर्षाराणी : तू, माय! तुझं खरं नाव. तांदळात पुसलं होतं ना, ते परत दिलं तुला. छापून.

चतुराबाई : मला इचारलंस?

वर्षाराणी : अगं, तुला आवडेल म्हणून...

चतुराबाई : या साहेबांनी बी लोकांना आवडंल म्हनूनच केलं. त्यांच्यावर तर वाघिनीसारखी धावून गेलीस.

व्यंकटराव : मी काही बोलत नाही. मी चहा सांगतो.

वर्षाराणी : माय, चिडलीस?

चतुराबाई : चिडले न्हाई. ऐक. कस्तुरा माझ्या बापानं ठेवलं, गोड नाव हाय. चतुरा तुझ्या बापानं ठेवलं. दोन्हीबी मला कुनी इचारून ठेवलं न्हाई. पन ते दुसरं नाव म्या पाटीवर गिरवलंय. अंगठा सोडून सही केली ती त्याच नावाची. तुझ्या हैदराबादच्या फारमावर, होस्टेलच्या कागदावर, समद्या जागी पालकाची सही म्हनून तेच. लोक म्हनले, पोरीला फ्रेंच कशापाई? म्या म्हनलं, आना कागद, सही करते. ती चतुरा व्हती, वर्षे. कस्तुराला तर लिवताच येत नव्हतं.

वर्षाराणी : चुकलं, माय. पुस्तकभर तिच्या सहीसाठी भांडले आणि तुझी मला दिसली नाही.

चतुराबाई : रडू नको. एवढं मोठं पुस्तक केलंस फ्रान्सच्या भाषेतून, आन् माझ्यापाई येक पान ठेवलंस. अख्ख्या मुखेडात सांगत फिरीन मी. फकस्त नाव माझं टाक.

व्यंकटराव : सरपंचबाई, मी एक सुचवू का? अक्षरं जुळवून छापायचंच नाही. या कोऱ्या कागदावर तुम्ही सही करा, तिचाच फोटो घेऊन त्या पानावर टाकतो. तुमच्या राणीची शहाण्णव पानावर आहे, तुमची अर्पणपत्रिकेवर.

चतुराबाई : खरंच? पेन द्या मग. बॉलपेन नको, शाईचा.

(चतुराबाई कागद सरळ करून घेतात. एकेक अक्षर सुटं, ठसठशीत. आत मशीन थांबलेलंच आहे.)

वर्षाराणी : काका, नीट धरा, वाळू द्या. रेघेच्या वर कापला तरी चालेल, पान लहान आहे.

चतुराबाई : न्हाई हो साहेब. रेघ येऊ द्या.